शेंडा, सावली आणि पाणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण ईट गावात ही व्याख्यानमाला चालवता, त्यांचं आयुष्य शिकवण्यात गेलं. शिक्षकाच्या स्मृतीला उद्या सकाळी उपयोगी पडेल असं काहीतरी द्यावं, असं मला वाटलं. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. म्हणून आज दारातल्या, ओसरीवरच्या, कुंडीतल्या लहान पामविषयी बोलणार आहे. विषय लहान आहे, पण त्याच्या मागे पाणी आहे, जमीन आहे आणि आपल्या मराठवाड्याचा थोडा इतिहासही आहे.

आपल्या भागातली घरं बदलली, ती आपल्या डोळ्यांदेखत. माळवदं गेली, स्लॅब आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंतींची धास्ती साऱ्या जिल्ह्यानं घेतली. पुढच्या काळात घरापुढे पोर्च आला, फरशी आली, लोखंडी गेट आलं. आणि गेटच्या दोन्ही बाजूंना दोन पाम आले. मंगल कार्यालयासमोर पाम, पेट्रोल पंपावर पाम, शाळेच्या आवारात पाम. हे झाड आपल्याला आवडतं. सरळ वाढतं, पालापाचोळ्याचा फार त्रास देत नाही, बारमाही हिरवं राहतं. आवडावं असंच आहे. माझा प्रश्न एवढाच आहे : आपण ते निवडतो का? की नर्सरीची गाडी दारात येते, रोप डोळ्यात भरतं आणि आपण उचलतो?

आंबा चुकीच्या जागी लागला तर फांद्या छाटता येतात. कडुलिंब तारेला भिडला तर वरून कापला तरी बाजूनं फुटतो. चिंच, करंज, बोगनवेल, जास्वंद, सगळ्यांना कात्री चालते. पामला चालत नाही. का नाही? इथे बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला ते एका वाक्यात कळेल. पाम एकदल आहे, ज्वारीसारखा, उसासारखा. ज्वारीचा पोंगा मेला की त्या ताटाला कणीस लागत नाही, हे तुम्हाला सांगावं लागत नाही. पामच्या प्रत्येक खोडाला असा एकच पोंगा असतो, अगदी वर, पानांच्या मधोमध. सगळी नवी पानं तिथूनच येतात. तो कापला, सडला, किड्यानं खाल्ला, की ते खोड संपलं. बाजूनं फुटवा येत नाही. जे पाम बेटानं वाढतात, अरेकासारखे, त्यांचं एक खोड गेलं तरी दुसरी राहतात. पण एकखोडी पामला दुसरी संधी नाही.

आणखी एक. आंब्याचं खोड वर्षागणिक जाड होतं, जखम झाली तर साल भरून येते. पामच्या खोडात तशी व्यवस्थाच नाही. त्याला झालेली जखम कधी भरत नाही. लग्नात रोषणाईसाठी खिळा ठोकला, जनावराची साखळी बांधून बांधून खोड कातलं, तर तो व्रण झाड असेपर्यंत राहतो. मुलांनो, हे लक्षात ठेवा, पामच्या खोडावर नाव कोरू नका.

म्हणजे काय झालं? इतर झाडांची चूक आपण पुढे वीस वर्षं दुरुस्त करत राहतो. पामच्या बाबतीत दुरुस्तीची सोय नाही. तो वीस वर्षांनी किती उंच होणार, किती रुंद होणार, त्याला ऊन किती लागणार, पाणी किती लागणार, हे सगळं रोप घेण्याच्या दिवशीच ठरतं. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकीचं सगळं त्याच्या अनुषंगानं येईल.

आता उंचीचं पाहू. नर्सरीत सगळे पाम तीन फुटांचे असतात आणि तीन फुटांचे असताना सगळेच लहान दिसतात. आपल्याकडे ‘बॉटल पाम’ म्हणून जो सर्रास विकला जातो, तो बहुतेक वेळा रॉयल पाम असतो. मूळचा क्यूबा आणि आसपासच्या प्रदेशातला. गुळगुळीत राखाडी खोड, मधे थोडं फुगीर, म्हणून त्याला ते नाव चिकटलं. तो साठ-सत्तर फूट जातो. त्याचं एकेक पान तीन-चार मीटर लांब आणि कित्येक किलो वजनाचं असतं, आणि वाळलं की पूर्वसूचना न देता खाली येतं. ज्या अंगणात मोटारसायकल लावतो, लेकरं खेळतात, वरून विजेची तार जाते, तिथे हे झाड लावायचं का? कॉलेजच्या मोठ्या आवारात लावा, रुंद रस्त्याच्या कडेला लावा. दहा फुटांच्या अंगणात लावू नका.

मग खरा बॉटल पाम कोणता? तो आहे, आणि तो खरोखर लहान आहे. आपल्या नर्सऱ्यांत त्याला शॅम्पेन पाम म्हणतात. बुंधा बाटलीसारखा फुगलेला, वर चार-सहा कमानदार पानं, पूर्ण वाढ दहा-बारा फूट, तीही अतिशय सावकाश. त्याची हकीकत सांगते, कारण ती उस्मानाबादी शेळीच्या मुलखात सांगण्यासारखी आहे. हा पाम मूळचा मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या छोट्या बेटावरचा. जगात दुसरीकडे कुठे तो रानात उगवत नव्हता. माणसांनी त्या बेटावर शेळ्या आणि ससे नेऊन सोडले. त्यांनी कोवळी रोपं खाल्ली, वर्षानुवर्षं खाल्ली. जुनी झाडं म्हातारी होऊन पडत गेली आणि नवीन एकही वाढेना. शेवटी रानातली झाडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. मग १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ पर्यंत ससे तिथून हटवले गेले, आणि रोपं पुन्हा उभी राहू लागली. आज जगभर बागांमध्ये हा पाम लाखोंनी दिसतो, पण त्याचं मूळ घर जवळपास हातचं गेलं होतं. आपली शेळी चांगली आहे, काटक आहे, गरिबाघरचा आधार आहे. पण दारात पाम लावायचा असेल तर पहिली तीन वर्षं त्याला जाळीचं कुंपण हवंच. पोंगा शेळीच्या तोंडात गेला की पाम गेला.

आता थोडं मागे जाऊ. पाम हे बाहेरचं, शहरी, हौशी झाड आहे असं आपल्याला वाटतं. खरंच तसं आहे का? आपल्या ओढ्यानाल्यांच्या काठी, पाणथळ जागी, पडीक रानात जी शिंदी उभी असते, ती कोण आहे? तीही पामच आहे. खजुराची सख्खी बहीण. तिच्या पानांची केरसुणी, आपला फडा, घराघरांत असतो. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण त्याच फड्याला हळदकुंकू वाहतो. ही केरसुणी वळण्याची कला मातंग समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. म्हणजे ज्या झाडाच्या पानाची आपण लक्ष्मी म्हणून पूजा करतो, ते झाड पामच आहे.

आणि या झाडानं आपला इतिहासही पाहिला आहे. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. शिंदी आणि ताड यांच्या रसाच्या मक्त्यातून, आबकारीतून, संस्थानच्या खजिन्यात मोठी रक्कम जात असे. १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि आपण मात्र पारतंत्र्यात राहिलो. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसनं लढा पुकारला. त्या लढ्यात एक कार्यक्रम होता, शिंदीची झाडं तोडण्याचा. निजामाचं उत्पन्न तोडायचं म्हणून गावोगावच्या लोकांनी कुऱ्हाडी उचलल्या. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो. त्या कुऱ्हाडींमागचा निर्धार मोठा होता, त्याला मी वंदन करते. पण त्यानंतर पंचाहत्तरहून अधिक वर्षं गेली. आता शिंदी तोडण्याचं कुठलं कारण उरलं आहे? नाला सरळीकरणाच्या नावाखाली, बांध रुंद करायचा म्हणून, जेसीबीच्या एका फटक्यात शिंदीची बेटं जातात. सुगरणीची घरटी तिच्या पानांना लटकतात, तिची फळं पाखरं आणि कोल्हे खातात, तिच्या मुळ्या ओढ्याचा काठ धरून ठेवतात. शिंदी अंगणाचं झाड नाही. ती वाढते तीस-चाळीस फूट, आणि पानाच्या बुडाशी सुईसारखे काटे असतात. पण बांधाला, ओढ्याला, शेततळ्याच्या कडेला तिच्याइतका आपला, आपल्या हवेत टिकणारा पाम दुसरा नाही.

ज्यांना शिंदीचं रूप अंगणात हवं आहे, त्यांच्यासाठी तिची एक लहान नातलग आहे. नर्सरीत तिला नुसतं ‘फिनिक्स पाम’ म्हणतात. ती लाओस, व्हिएतनाम आणि दक्षिण चीनच्या नदीकाठांवरची. उंची सहा ते दहा फूट, पानं पिसासारखी बारीक आणि मऊ झुकलेली, खोड खवल्याखवल्यांचं. उन्हात चालते. आपल्या उन्हाळ्यात पाणी मात्र वेळेवर द्यावं लागतं. काटे तिलाही आहेत, पानाच्या देठाच्या बुडाशी. म्हणून दारापासून, लेकरांच्या खेळण्याच्या जागेपासून तीन-चार फूट दूर लावावी, आणि वाळलेलं पान काढताना जाड हातमोजे घालावेत. माझं मत विचाराल तर ईटसारख्या गावातल्या लहान अंगणासाठी, उघड्या उन्हात लावायचा एकच पाम निवडायचा झाला, तर मी हाच निवडीन. दुसरा शॅम्पेन पाम.

आता सगळ्यात अवघड गोष्टीकडे येते. पाणी.

आपल्या भागात वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत, कधी पडतो कधी दडी मारतो. अरेका पाम, जो सगळ्यात जास्त विकला जातो, तो मादागास्करच्या पूर्व किनाऱ्याकडचा. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, हवा बाराही महिने दमट. बालाघाटाच्या पठारावर एप्रिलमधला कोरडा वारा त्याला कसा मानवेल? २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. ज्या गावात टँकरच्या मागे हंडे घेऊन बाया पळतात, तिथे पामला पाणी घालायचं का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. मी तो टाळणार नाही.

माझं उत्तर असं आहे. जेवढे पाम घरातल्या वापरलेल्या पाण्यावर जगतील, तेवढेच लावा. त्याहून एकही जास्त नको. तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, जास्त साबण नसलेलं अंघोळीचं पाणी, एवढ्यावर कुंडीतले दोन-तीन आणि अंगणातले एक-दोन लहान पाम निभतात. बारा इंची कुंडीतल्या अरेकाला भर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड लिटर-दीड लिटर पाणी लागतं. हिशेब करा आणि मग रोप घ्या. गेटपासून घरापर्यंत दुतर्फा वीस अरेका लावायचे आणि मे महिन्यात बोअर उपसून ते जगवायचे, हे आपल्या मुलखात करू नये, असं मी स्पष्ट म्हणते.

पाणी किती याच्याइतकंच महत्त्वाचं आहे ते कसलं. आपल्या बोअरचं पाणी क्षारांचं. भांड्याला पांढरा थर बसतो, तोच थर कुंडीच्या कडेला बसतो आणि तोच पानाच्या टोकाशी साठतो. पामच्या पानांची टोकं तांबडी-तपकिरी होऊन वाळतात, आणि आपण म्हणतो, पाणी कमी पडलं, आणखी घालतो. त्यानं क्षार आणखी वाढतात. आता इथे चार गोष्टी सांगते, त्या लिहून घेतल्या तरी चालतील. आरओच्या यंत्रातून जे पाणी वाया जातं, ते वाया जाऊ नये म्हणून पुष्कळ घरांत ते कुंड्यांना घालतात. भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला, संडासात वापरा, पामला घालू नका. कुलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणीही तसंच, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. उलट एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकतं, ते जवळजवळ पावसाच्या पाण्यासारखं असतं. ते बादलीत धरा. पावसाळ्यात सगळ्या कुंड्या एकदा उघड्यावर ठेवा आणि चांगला धुवांधार पाऊस कुंडीतून आरपार जाऊ द्या. वर्षभर साठलेले क्षार धुऊन निघतात.

आता सावलीचं. घरात ठेवायचे पाम मुळात कुठले आहेत? घनदाट जंगलातले, मोठ्या झाडांच्या पायथ्याशी वाढणारे. जंगलाच्या जमिनीवर पोहोचतो तेवढा मंद उजेड त्यांना पुरतो, म्हणून ते घरात जगतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये काळोख्या दिवाणखान्यांत पाम ठेवायची चाल पडली, ती याच जोरावर. लंडनच्या क्यू बागेतलं काचेचं पामघर १८४८ साली पूर्ण झालं, ते त्याच काळातलं. त्या दिवाणखान्यांत जो गेला तो मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलातला छोटा पाम, ज्याला आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी टेबल पाम म्हणतात. चार-पाच फुटांच्या वर जात नाही. खिडकीपासून थोडा आत, जिथे वर्तमानपत्र दिव्याशिवाय वाचता येतं, तिथे तो ठेवावा. थेट ऊन नको.

पण मला ज्याच्याविषयी मनापासून बोलायचं आहे तो रॅफिस पाम. बांबूसारख्या बारीक खोडांचं बेट, खोडावर तपकिरी तंतूंचं वेष्टण, पान हाताच्या पंजासारखं फाटलेलं, गडद हिरवं, चकाकणारं. दक्षिण चीन आणि व्हिएतनामचा. जपानमध्ये तर सतराव्या शतकापासून लोक तो छंदानं वाढवत आले. तो इतका सावकाश वाढतो की नर्सरीवाल्याला परवडत नाही, म्हणून महाग असतो. पण हा सावकाशपणाच आपल्याला हवा आहे. दहा वर्षं तो त्याच जागेत मावतो. कमी उजेड सोसतो, अरेकापेक्षा कोरडी हवा सोसतो, एकदा पाणी चुकलं तर लगेच मान टाकत नाही. आपल्याकडे ज्यांची जुनी चौकाची घरं अजून उभी आहेत, त्या चौकाच्या उत्तरेकडे पाहणाऱ्या ओसरीत रॅफिस ठेवून पाहा. जाड भिंतींचा गारवा, वरून येणारा मऊ उजेड, वाऱ्याला आडोसा. त्या पामला याहून चांगली जागा मिळणार नाही. स्लॅबच्या घरात पूर्वेची सकाळची खिडकी बरी. पश्चिमेची बाल्कनी आणि गच्ची मात्र कुठल्याच घरपामसाठी नको. तापलेल्या स्लॅबवरची काळी प्लास्टिकची कुंडी मुळं अक्षरशः शिजवते.

जाता जाता एक गोष्ट. पाम घरात ठेवला की हवा शुद्ध होते, असं सांगून रोपं विकली जातात. नासानं १९८९ साली बंद पेटीत झाडं ठेवून प्रयोग केले, त्यावरून हे पसरलं. पुढे २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, आणि दारं-खिडक्या असलेल्या खऱ्या घरात त्याचा परिणाम नगण्य असतो, असं निघालं. हवा हवी तर खिडकी उघडा. पाम त्याच्या हिरवेपणासाठी ठेवा, तेवढं कारण पुरेसं आहे.

आणि पाम म्हणून विकल्या जाणाऱ्या, पण पाम नसलेल्या एका झाडाविषयी सावध करते : सायकस. सागो पाम म्हणूनही विकतात. कडक, चकचकीत, गोल पिसाऱ्याची पानं. तो पाम नाही, पामहून फार प्राचीन कुळातला आहे. त्याच्या बिया आणि पानं विषारी असतात. कुत्र्यानं बी चघळलं तर यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. जनावरांनाही त्याची बाधा होते. ज्या घरी म्हैस आहे, शेळ्या आहेत, रांगतं मूल आहे, तिथे सायकस नको. फिशटेल पामची फळंही हाताळू नयेत, त्यांच्या रसानं असह्य खाज सुटते.

आता रोप घ्यायला जाऊ. आपल्या बाजारात येणारे बरेचसे पाम आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून, नाहीतर पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या बाजूनं ट्रकनं येतात. गोदावरीच्या दमट हवेत, हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप आपण थेट मे महिन्याच्या उन्हात ठेवतो आणि आठ दिवसांत पानं करपली म्हणून नर्सरीवाल्याला बोल लावतो. खरेदी मृग लागल्यावर करा, पाऊस चांगला पडल्यावर. आणल्यावर तीन-चार आठवडे कडुलिंबाच्या सावलीत ठेवा, मग हळूहळू उजेडात आणा. घेताना काय पाहायचं? सगळ्यात आधी पोंगा पाहा. तो ताठ, हिरवा, घट्ट हवा. ढिला असेल, तपकिरी असेल, कुजकट वास येत असेल तर रोप कितीही भरगच्च असलं तरी घेऊ नका. पान उलटं करून पाहा, खालून बारीक जाळी आणि लाल ठिपके हलताना दिसले तर लाल कोळी आहे. बुंध्याशी पांढरा कापसासारखा थर असेल तर पिठ्या ढेकूण. पिशवी उचलून बुंधा हलवा, रोप मातीत डुगडुगत असेल तर ते नुकतंच पिशवीत घातलेलं आहे.

लावताना आणखी एक अडचण येते. ही रोपं लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात येतात आणि आपली जमीन काळी, पाण्यानं फुगणारी, वाळली की भेगाळणारी. दोन मातींचा मेळ बसत नाही. पाणी बाजूनं निघून जातं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. म्हणून दोन बाय दोन फुटांचा खड्डा घ्या, काळ्या मातीत मुरूम आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा, गोळ्याच्या बाहेरची माती हलकेच मोकळी करा. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच लावा, बुंधा पुरू नका. आणि जागा आजूबाजूपेक्षा चार बोटं उंच ठेवा, म्हणजे सततच्या पावसात मुळांशी पाणी तुंबणार नाही.

खताविषयी बोलताना आपल्या भूम तालुक्याचा खवा आठवल्यावाचून राहत नाही. भट्ट्या आहेत म्हणजे राख आहे, म्हशी आहेत म्हणजे उकिरडे आहेत. राखेत पालाश असतं हे खरं. पण आपली माती मुळातच चुनखडीची, विम्ल. राख तिला आणखी विम्ल करते आणि मग मातीत असलेलं लोह, मँगनीज झाडाला मिळेनासं होतं. नवी पानं फिकी, आखूड, कुरतडल्यासारखी निघतात. म्हणून राख मूठभर शेणखतात मिसळली तर चालेल, बुंध्याशी ढीग नको. पालाश द्यायचं तर थोडं पोटॅश आणि मॅग्नेशियम सल्फेट द्या. इथल्या द्राक्षबागायतदारांना त्याचं प्रमाण मी शिकवायला नको.

आणि शेणखत कच्चं नको म्हणजे नकोच. अर्धवट कुजलेल्या उकिरड्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या जाड पांढऱ्या अळीला पुष्कळजण हुमणी समजतात. मोठा झाला की तोच भुंगा रात्री उडून पामच्या पोंग्यात भोक पाडतो. नवीन पान उलगडलं की ते कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखं दिसतं. त्या जखमेच्या वासावर मग सोंड्या भुंगा येतो, आणि तो आत शिरला की झाड सहसा वाचत नाही. उकिरडा वर्षातून दोनदा उलथा, अळ्या कोंबड्यांना घाला. पामची ही राखण तिथून सुरू होते.

एवढं केल्यावर पामला दुसरं काही लागत नाही. फक्त एक करू नका : दसरा-दिवाळीला घर रंगवताना पामची खालची पिवळी पानं साफ करून वर नुसता तुरा ठेवायची जी सवय आहे, ती सोडा. जुनं पान पिवळं होतं तेव्हा झाड त्यातलं पालाश काढून नव्या पानाला देत असतं. ते पान तोडलं की झाड पुढच्या पानातून काढायला लागतं. पूर्ण वाळलेलं पान तेवढं काढा.

आता शेवटची विनंती. ती ग्रामपंचायतीला आहे, शाळेला आहे आणि ज्यांची रानं ओढ्याकाठी आहेत त्या सगळ्यांना आहे. येत्या पावसाळ्यात शाळेच्या आवारात तारेखाली रॉयल पामची रांग लावू नका. मैदानाच्या कडेला कडुलिंब, चिंच, करंज लावा, आणि प्रवेशाशी पाम हवाच असेल तर जाळी घालून दोन शॅम्पेन पाम पुरेत. त्यांची राखण आठवीच्या वर्गाकडे द्या. आणि ओढ्याकाठी जी शिंदी अजून उभी आहे, तिची या वर्षी गावानं एकदा मोजदाद करावी. मुलांनी वह्या घेऊन जावं, शिक्षकांनी सोबत जावं, कुठे किती आहेत त्याची यादी ग्रामपंचायतीत ठेवावी. नाल्याचं काम निघेल तेव्हा जेसीबीवाल्याच्या हातात ती यादी द्यावी आणि एवढी झाडं सोडून काम करा, असं गावानं सांगावं.